मुक्या सोबत्याचे न सांगता येणारे दुखणे

घरातील कुत्रा मागचे पाय पुढे ताणून फरशीवर बसतो आणि बूड घासत पुढे सरकू लागतो. मुले हसतात. कोणी भ्रमणध्वनीवर चित्रण करतो. आजी म्हणते, जंत झाले असतील. दोन दिवसांनी गादीवर, सोफ्यावर सडलेल्या मासळीसारखा उग्र दर्प येऊ लागतो आणि मग हसणे थांबते. प्राण्याला गॅलरीत बांधले जाते, पाहुणे येणार असले की जिन्यात ठेवले जाते, आणि ज्या अंगाला त्रास होतो त्याकडे पाहण्याची घरात कोणाचीच तयारी नसते. खरे तर तो सरकून सांगत असतो की, आपल्याला दुखते आहे.

या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा गुदद्वाराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन लहान पिशव्यांत सापडते. पशुवैद्यकाच्या भाषेत त्या गुदपिशव्या. बोलीत सर्वजण त्यांना गुदग्रंथी म्हणतात. विषय अवघड वाटतो, चारचौघांत बोलण्याचा वाटत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो. वेळीच ओळखले तर साध्या उपायांनी आटोक्यात येणारे हे दुखणे दुर्लक्षामुळे गळवापर्यंत जाते. उलट अति उत्साहाने, कारण नसताना पिशव्या वारंवार दाबत राहिल्यानेही ते ओढवते. या दोन टोकांच्या मधला मार्ग प्रत्येक श्वानपालक कुटुंबाला ठाऊक असावयास हवा.

बदललेले गाव, बदललेले श्वानजीवन

मुळशी तालुक्याच्या पूर्व भागातील मारुंजी हे एके काळचे शेतीचे गाव. शेजारी हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि पाहता पाहता मारुंजीच्या माळावर बहुमजली गृहसंकुले आली. गावातला कुत्रा अंगणात राहणारा, शेतावर धन्याच्या मागे धावणारा. संकुलातला कुत्रा दहाव्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर, बहुतेक दिवस एकटा. घरातील मोठी माणसे संगणकासमोर किंवा वाहतुकीच्या कोंडीत. सकाळी दहा मिनिटांची घाईची फेरी, रात्री उशिरा दुसरी. मधल्या वेळेत व्यायाम नाही, शौचाची मोकळीक नाही, आणि एकटेपणाची भरपाई म्हणून येता-जाता हातावर ठेवलेले बिस्किट मात्र आहे.

संकुलांत लोकप्रिय असलेल्या जातींचाही यात वाटा आहे. पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल, कॉकर स्पॅनियल यांसारख्या लहान चणीच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत गुदग्रंथींचा त्रास अधिक आढळतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार वर्षभरात सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांना हा त्रास झालेला होता, आणि चपट्या नाकाच्या जातींत त्याचे प्रमाण मध्यम लांबीच्या नाकाच्या कुत्र्यांच्या अडीच पटींहून जास्त होते. म्हणजे शंभर कुत्र्यांच्या वस्तीत चार-पाच घरांत हा प्रश्न येणारच. ज्या घरात तो येतो त्या घराला मात्र वाटते की, असले काही फक्त आपल्याच वाट्याला आले.

दोन पिशव्यांचे काम

कुत्र्याच्या मागे उभे राहून पाहिले आणि गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी त्वचेखाली या पिशव्या असतात. गुदद्वार आवळून धरणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मध्ये त्या बसलेल्या असतात. प्रत्येक पिशवीची एक बारीक नळी गुदद्वाराच्या कडेशी उघडते. पिशवीच्या अस्तरातील ग्रंथी उग्र वासाचा, पिवळसर-तपकिरी स्राव तयार करतात.

हा वास माणसाला असह्य असला तरी कुत्र्यांच्या जगात त्याला अर्थ आहे. दोन कुत्री भेटताच एकमेकांच्या मागे जाऊन हुंगतात, ते ओळख करून घेण्यासाठी. प्रत्येकाचा गंध निराळा आणि तो प्रामुख्याने याच स्रावाचा. कुत्रा फार भ्याला तरी पिशव्या एकदम रित्या होतात; दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली दडलेल्या कुत्र्याजवळ अचानक जो दर्प येतो, तो बहुधा याच कारणाने. असा एखादा प्रसंग म्हणजे आजार नव्हे.

पिशव्या रित्या होण्याची नैसर्गिक व्यवस्था अगदी सोपी आहे. घट्ट, बांधीव शी बाहेर पडताना ती दोन्ही बाजूंच्या पिशव्यांवर दाब देते आणि थोडा स्राव नळीवाटे शीसोबत निघून जातो. शी वारंवार पातळ किंवा लिबलिबीत होऊ लागली की हा दाब पडत नाही. स्राव आत साठतो, घट्ट होतो, खळीसारखा दाटतो आणि बारीक नळी तुंबते. म्हणून या दुखण्याचा विचार शेपटीपाशी सुरू होत असला तरी त्याचे उत्तर पुष्कळदा जेवणाच्या भांड्यात असते.

दुखणे कसे वाढते

पहिली अवस्था तुंबण्याची. पिशवी भरलेली, हाताला टणक, पण अजून जंतुसंसर्ग नाही. कुत्रा बूड घासतो, शेपटीखाली चाटतो, मध्येच दचकून मागे वळून पाहतो, शेपटीच्या बुंध्याशी चावतो. काही कुत्री बसताना एका कुशीवर कलतात, जिना चढणे टाळतात.

दुसरी अवस्था सुजेची आणि संसर्गाची. आता स्राव पातळ पिवळा, कधी पुवाचा किंवा रक्ताच्या छटेचा. शौचाला बसताना कुत्रा कण्हतो, अर्ध्यावर उठतो, शौच टाळतो. शेपटीला हात लावू देत नाही. एरवी गरीब असलेला प्राणी गुरगुरतो.

तिसरी अवस्था गळवाची. गुदद्वाराच्या एका बाजूला लाल-जांभळी, गरम सूज दिसते. ताप येतो, अन्नावरची वासना जाते. ते फुटले तर त्वचेला भोक पडून पू आणि रक्त वाहते. घरच्यांना वाटते, दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतला असावा. प्रत्यक्षात आत कित्येक दिवस चाललेल्या प्रक्रियेचा तो शेवट असतो.

बूड घासण्याचे प्रत्येक वेळी हेच कारण असते, असे मात्र नाही. पिसवांतून होणाऱ्या चपट्या जंतांचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे गुदद्वाराभोवती चिकटतात आणि खाज सुटते. त्या बाबतीत आजीचे निदान खरे ठरू शकते. लांब केसांच्या कुत्र्यात शी केसांना चिकटून गुंता होतो. त्वचेची अ‍ॅलर्जी, वयस्क नराच्या गुदद्वाराभोवती येणाऱ्या गाठी, जर्मन शेफर्डमध्ये होणारी नाडीव्रणासारखी जखम, ही कारणेही आहेत. म्हणून घरच्या घरी नाव ठेवून मोकळे होण्यापेक्षा एकदा पशुवैद्याला दाखवणे श्रेयस्कर.

दाबावे की दाबू नये

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. कुत्र्याला आंघोळ घालणाऱ्या दुकानांत नखे कापणे, कान पुसणे यांच्या जोडीने ग्रंथी दाबून रित्या करणेही अनेकदा नेहमीच्या कामांत धरलेले असते. पालकालाही वाटते, जास्तीची सेवा मिळाली. वास्तविक ज्या कुत्र्याला काहीही त्रास नाही, त्याच्या पिशव्यांना हात लावण्याचे कारण नाही. त्या आपोआप रित्या होतात. कारणाशिवाय वारंवार दाबल्याने पिशवी आणि नळी यांना इजा होते, सूज येते, आणि बरी होताना नळी अरुंद झाली की जो आजार नव्हता तो निर्माण होतो. म्हणून अशा दुकानात कुत्रा सोपवताना 'ग्रंथी दाबू नका' असे स्पष्ट सांगावे.

काही कुत्र्यांच्या पिशव्या मात्र उपाय करूनही पुन्हा पुन्हा तुंबतात. त्यांच्यासाठी किती दिवसांनी रित्या करावयाच्या हे पशुवैद्य ठरवितो. तो हातमोजा घालून, वंगण लावून, तर्जनी गुदद्वारात घालून आतून बाहेरून अलगद दाब देतो. त्यामुळे पिशवी पूर्ण रिती होते आणि भिंतीत गाठ असेल तर तीही बोटाला लागते. बाहेरून चिमटीत दाबण्याच्या पद्धतीने पिशवी बहुधा अर्धवटच रिती होते. घरी करण्याची वेळ आलीच, तर पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे, दोघांनी मिळून करावे, एकाने प्राण्याला प्रेमाने धरावे, आणि पहिल्या अलगद प्रयत्नात काही आले नाही तर थांबावे.

सूज, लाली, ताप, रक्त किंवा पू दिसत असताना घरी कदापि दाबू नये. आत पू साठलेली पिशवी दाबाने ऊतींमध्येच फुटू शकते, आणि वेदनेने कळवळलेला कुत्रा चावतो. त्यात त्याचा दोष नसतो. तशा वेळी पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत एवढेच करावे: कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा दहा-पंधरा मिनिटे सुजेवर ठेवावा, आणि कुत्रा चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. हळद-तेलाचे लेप, बाम, जंतुनाशकाचे कडक द्रावण लावू नये. कुत्रा ते चाटतो किंवा नाजूक त्वचा भाजते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी घरोघरी असणारी औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

शाकाहारी स्वयंपाकघरातील उपाय

शी बांधीव करणे हा या दुखण्यावरचा पायाभूत उपाय. पशुवैद्य शी मोजण्यासाठी १ ते ७ अशी पट्टी वापरतात. १ म्हणजे दगडासारखी कोरडी, ७ म्हणजे पाण्यासारखी. आकार टिकवून असलेली, उचलताना जमिनीवर फारसा डाग न सोडणारी, २ क्रमांकाची शी उत्तम. सकाळच्या फेरीत पिशवीने शी उचलणाऱ्या पालकाला ही तपासणी रोज आपोआप करता येते.

जैन कुटुंबांत कुत्र्याचा आहारही बहुधा शाकाहारीच असतो. मांजर मांसाहाराशिवाय जगू शकत नाही. कुत्र्याचे तसे नाही. पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता त्याच्यात आहे आणि काटेकोर आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. पण 'आखलेला' हा शब्द महत्त्वाचा. घरचे वरण, भात, पोळी आणि दूध म्हणजे कुत्र्याचा पूर्ण आहार नव्हे. त्यात प्रथिनांचे काही घटक, ब-१२ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि इतर क्षार यांची उणीव राहते. म्हणून पूर्ण पोषणाचा शाकाहारी तयार आहार निवडावा किंवा पशुवैद्याकडून घरच्या आहाराचा तक्ता आखून घ्यावा. वाढीच्या वयातील पिलू आणि गाभण कुत्री यांच्या बाबतीत तर स्वतःच्या अंदाजाने काहीच करू नये.

दूध हे लिबलिबीत शीचे घरोघरी आढळणारे कारण आहे. वाढलेल्या अनेक कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही. बशीभर दूध प्रेमाने पाजले जाते आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडते. दूध बंद केल्यावर आठवड्याभरात शी सुधारली, तर कारण सापडले असे समजावे. तूप माखलेली पोळी, फरसाण, बुंदी, शिऱ्याचा उरलेला घास हेही टाळावे. मनुका आणि बेदाणे तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. प्रसादाच्या सुक्या मेव्यातला एक मूठभर वाटा जीवावर बेतू शकतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतात. ते न वापरणाऱ्या जैन स्वयंपाकघराचा नेम येथे नकळत प्राण्याचेही रक्षण करतो.

शी बांधीव होण्यासाठी आहारात चोथा वाढवावा लागतो. त्यासाठी गाजर, रताळे असे सर्वत्र सुचविले जाते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घराला ते जमणारे नसते. पण पर्याय भरपूर आहेत. बी-साल काढून, मीठ-मसाल्याविना वाफवून कुस्करलेला लाल भोपळा हा सर्वांत सोपा. लहान कुत्र्याला चमचाभर, मोठ्याला दोन-तीन मोठे चमचे, रोजच्या जेवणात मिसळून. दुधी आणि फरसबी वाफवून देता येते. इसबगोलाची साल हा दुसरा उत्तम उपाय: लहान कुत्र्याला पाव चमच्यापासून आरंभ करावा, ती पुरेशा पाण्यात भिजवून मगच जेवणात घालावी, आणि प्रमाण पशुवैद्याला विचारून वाढवावे. कोरडी साल देऊ नये. ती पोटात पाणी शोषून उलट बद्धकोष्ठता करते. चोथा अति झाला तरी शी सैल होते, म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि आठ-दहा दिवस परिणाम पाहावा. आहाराचा प्रकार बदलावयाचा असेल तर तोही आठवड्याभरात हळूहळू, जुन्यात नवे मिसळत बदलावा.

वजनाची गोष्ट याहून नाजूक आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत आश्रित प्राण्याला जखडणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे यांचा समावेश होतो. बैल आणि घोडा दारात असलेल्या काळातील गृहस्थाला हा इशारा होता. आजच्या सदनिकेतील कुत्र्याचे अन्नपाणी कोणी तोडत नाही. त्याच्यावर अतिभार पडतो तो त्याच्याच अंगावरील चरबीचा, आणि तो लादतात प्रेम करणारी माणसे. लठ्ठ कुत्र्यात पिशव्यांभोवती चरबी साचल्याने त्या नीट दाबल्या जात नाहीत आणि रित्या होत नाहीत. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, आणि वरून पाहता कंबर दिसावी. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. बिस्किटे आणि इतर वरखाऊ मिळून दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. घरात पाच माणसे असतील आणि प्रत्येकजण दोन बिस्किटे देत असेल, तर दिवसाची दहा होतात; म्हणून दिवसाचा वाटा सकाळीच एका डब्यात काढून ठेवावा आणि डबा रिकामा झाला की हात आवरावा.

ठराविक वेळी दोन जेवणे कुत्र्याला मानवतात. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम आहे, तेथे कुत्र्याचे दुसरे जेवणही त्याच वेळी सहज बसते आणि झोपण्यापूर्वी शौचाच्या फेरीला पुरेसा अवधी मिळतो. ती फेरी मात्र दहा मिनिटांवर उरकू नये. रोज अर्धा-पाऊण तास मोकळे चालणे झाले की आतड्यांची हालचाल आणि वजन, दोन्ही सुधारते.

पावसाळा, पिसवा आणि विवेक

आहार सुधारूनही त्रास परत येत असेल, तर त्वचेकडे पाहावे. त्वचेच्या अ‍ॅलर्जीत पिशव्यांच्या तोंडाशी सूज येऊन नळी अरुंद होते, आणि अनेक कुत्र्यांत गुदग्रंथींचा पुन्हा पुन्हा होणारा त्रास हे अ‍ॅलर्जीचेच एक लक्षण असते. पंजे चाटणे, कान खाजवणे, पोटावर लाल चट्टे अशी सोबतची लक्षणे असतील, तर मूळ आजारावर उपचार झाल्याशिवाय पिशव्या कितीही रित्या केल्या तरी उपयोग नाही.

अ‍ॅलर्जीचे एक मोठे कारण म्हणजे पिसू. तिच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. शेपटीच्या बुंध्याशी तो वेड्यासारखा चावत सुटतो. मुळशीच्या दमट पावसाळ्यात पिसवा आणि गोचिडी वाढतात, आणि नेमका तोच काळ चातुर्मासाचा, जीवविराधना टाळण्याबद्दल घराने सर्वाधिक जागरूक असण्याचा. पिसवा मारणारे औषध लावावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत खरोखर पडतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

या प्रश्नावर सर्वांत विवेकी उत्तर म्हणजे पिसवा होऊच न देणे. पिसूची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगाहून अधिक त्याच्या अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या फटींत वाढतात. प्रादुर्भाव होण्याआधीच अंथरूण दर आठवड्याला धुऊन कडक वाळवणे, फरशी आणि फटी नित्य झाडून कोरड्या ठेवणे, फेरीहून आल्यावर बारीक दातांच्या फणीने अंग विंचरणे, पोट आणि पंजे पुसून कोरडे करणे, याने वंश वाढण्याची जागाच राहत नाही. एकदा घरभर पिसवा झाल्या की मग जे करावे लागते त्यात असंख्य जीवांची हानी अटळ असते. सावध स्वच्छता हीच येथे जास्तीत जास्त जीवांची रक्षा करणारी वाट आहे. एवढे करूनही अ‍ॅलर्जी असलेल्या प्राण्याला प्रतिबंधक औषध आवश्यक आहे असे पशुवैद्याने सांगितले, तर आश्रित पंचेंद्रिय जीवाच्या वेदनेचा विचार डोळ्यांसमोर ठेवून कुटुंबाने निर्णय घ्यावा. चघळण्याच्या अनेक गोळ्यांत मांसाचा स्वाद असतो. तो नको असेल तर मानेवर टाकण्याचे थेंब मिळतात, तसे आधीच विचारावे.

पशुवैद्याकडे काय होते

पशुवैद्याकडे जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: त्रास केव्हापासून आहे, शी कशी आहे, आहारात नवे काय आले, वजन किती, पूर्वी असे किती वेळा झाले, कोणती औषधे चालू आहेत. एवढ्या माहितीने निदान निम्मे सोपे होते.

नुसते तुंबले असेल तर पिशवी रिती करून काम भागते. संसर्ग असेल तर पिशवी क्षारजलाने धुऊन आत औषध भरतात. प्राणी फार दुखावलेला असेल तर हलकी भूल देऊन हे करणे अधिक दयेचे. गळू झाले असेल तर भूल देऊन ते उघडतात, धुतात, वेदनाशामक आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक देतात. प्रतिजैविकांचा क्रम कुत्रा बरा दिसू लागला म्हणून मध्येच सोडू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, कारण बाहेरची जखम भरली तरी आतली नळी तुंबलेली राहू शकते.

सर्व उपाय करूनही त्रास वर्षभर परतत राहिला, तर पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा पर्याय आहे. या पिशव्यांवाचून कुत्र्याचे आयुष्य अडत नाही. परंतु गुदद्वार आवळणारे स्नायू आणि त्यांच्या नसा अगदी लगत असल्याने क्वचित शौचावरचा ताबा जाण्याचा धोका असतो. म्हणून ही शस्त्रक्रिया अनुभवी शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावी, आणि सूज पूर्ण उतरल्यानंतर करावी. मारुंजीसारख्या ठिकाणच्या पालकांनी आणखी एक तयारी ठेवावी. हिंजवडीची वाहतूक कोंडी सर्वांना ठाऊक आहे. रात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्य कोण, याची चौकशी गरज पडण्याआधी करून क्रमांक दारामागे लावून ठेवावा.

एका गोष्टीबद्दल विशेष सावध राहावे. मध्यम वय उलटलेल्या कुत्र्यात याच पिशवीच्या भिंतीत कर्करोगाची गाठ होऊ शकते. ती बहुधा एकाच बाजूला असते, आरंभी दुखत नाही, आणि वाटाण्याएवढी असतानाच आतल्या लसिकाग्रंथींत पसरलेली असू शकते. काही कुत्र्यांत या गाठीमुळे रक्तातील कॅल्शियम वाढते आणि कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागतो, फार मुततो, मरगळतो. शी चपटी, फितीसारखी येणे हीदेखील एक खूण. ही गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रियेने पुष्कळ काळ हाती लागतो.

दयेचा पुढचा टप्पा

जैन समाजाचे कुत्र्याशी असलेले नाते सदनिकांच्या काळातले नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच्या विरोधात जैन व हिंदू व्यापारीही सामील झाले. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ म्हणून ओळखले जाणारे जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. मरणाच्या दारातून प्राण्याला सोडवणे, ही त्या पिढीची जीवदया होती.

घरात आणलेल्या प्राण्याच्या बाबतीत दयेला दुसरे रूप घ्यावे लागते. येथे जीव वाचविण्याचा प्रसंग क्वचित येतो. रोज येतो तो निरखण्याचा, शी पाहण्याचा, शेपटीखालचे केस कोमट पाण्याने पुसण्याचा, दुर्गंधी आली तर प्राण्याला गॅलरीत न ढकलता कारण शोधण्याचा. हे काम घरातील एकट्या गृहिणीवर किंवा कामवाल्या मावशींवर न टाकता मुलांनाही त्यात घ्यावे. आठ-दहा वर्षांचे मूल शीची नोंद वहीत ठेवू शकते, बिस्किटांचा डबा सांभाळू शकते, आणि न बोलणाऱ्याचे दुखणे ओळखावयास शिकू शकते.

एवढे ठरविले तरी पुरे: रोज शीकडे एक नजर, आठवड्याला अंथरुणाची धुलाई, महिन्याला वजन, आणि वर्षाला लसीकरणाच्या वेळी पशुवैद्याकडून दोन्ही पिशव्यांची तपासणी. सात-आठ वर्षांवरील कुत्र्याची ती तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यावी आणि तिची तारीख लसीकरणाच्या पत्रकावरच लिहून ठेवावी.